टेका शोधण्यात गेलेले महिने

आमच्या धंद्यात ग्राइंडर विकत आणला की पहिलं काम म्हणजे त्याचा टेका काढून टाकणं. टेका म्हणजे दगडाच्या पुढ्यात बसवलेली छोटी लोखंडी पट्टी. पटाशी, म्हणजे लाकूड कोरायचं सपाट धारेचं हत्यार, तिच्यावर टेकवायची आणि फिरत्या दगडाला लावायची, म्हणजे हात हलत नाही आणि धारेचा उतार एकसारखा येतो. मशीन बनवणारी माणसं बिचारी विचार करून ती पट्टी देतात. आम्ही ती पान्याने सोडवतो आणि भंगारात टाकतो. का, तर सुताराच्या हाताला टेका लागतो असं कुणी म्हणायला नको. माझ्या बापाने टाकली, थोरल्या भावाने टाकली, मीही टाकली. निजामपुऱ्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, लाकडी सामानाची कामं जोरात होती तेव्हा मी तिथे बरीच वर्षं काढली, पण एकाही सुताराच्या ग्राइंडरवर मला टेका दिसला नाही. कोपर बरगडीला चिकटवायचं, श्वास धरायचा आणि पटाशी हवेतच दगडाला लावायची. ठिणग्या कुठल्या बाजूला उडतात ते बघून कळायचं, उतार बरोबर आहे की नाही.

हा सगळा तोरा साठीपर्यंत चालला. मग उजवा हात थरथरायला लागला.

सुरुवातीला नुसता चहाचा कप वाजायचा बशीवर. बायको बशी द्यायचीच बंद झाली, मला न विचारता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सरळ सांगितलं की हे हळूहळू वाढत जाणार. गोळ्यांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. मी मान हलवली आणि गोळ्या खिशात टाकून घरी आलो. मोटर बिघडली तर दुसरी बसवता येते. हाताचं तसं नाही.

त्याच सुमारास, शिमगा होऊन गेल्यावर, लेकीने ठाण्याहून फोन केला की तिला दिवस गेलेत. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी. आईशी रडून झालं, हसून झालं आणि मग तिने फोन माझ्याकडे द्यायला लावला.

"बाबा, पाळणा तुम्ही करायचा. बाजारातला मला नकोय."

पहिल्या बाळाचा पाळणा माहेरचा, ही आमच्याकडची रीत. आमच्या खारबावच्या बाजूला लोक हल्ली स्टीलचा आणून देतात, त्यात काही वाईट नाही, रीत पाळली जाते. पण सुताराच्या मुलीला स्टीलचा पाळणा कसा देणार? मी म्हटलं, "करतो." एवढाच शब्द बोललो, पण त्या क्षणापासून मला जगात दुसरं काही नको होतं. हा एक पाळणा माझ्या हाताने व्हावा. हात जायच्या आत व्हावा. मग गेला तर गेला.

लाकूड तयारच होतं. एक जुना लूमचा कारखाना पाडून तिथे गोदाम उभं राहिलं, तेव्हा त्याच्या छपराचे सागवानी वासे मी उचलून आणले होते. वरून कळकट, तेलकट, कापसाची धूळ बसलेले, पण रंधा मारला की आतून मधासारखा रंग निघायचा. असं सागवान आता पैसे देऊनही मिळत नाही. चार खांब, आडव्या पट्ट्या, मधल्या दांड्या. सगळं डोक्यात बसलेलं होतं. खांबांना पटाशीने चौकोनी भोकं पाडायची, पट्ट्यांच्या टोकांना कुसू काढायचं आणि ते भोकात घट्ट बसवायचं. खिळा नाही, स्क्रू नाही. बाळाच्या अंगाला लोखंड लागायला नको.

पहिल्याच दिवशी मी पटाशीला धार लावायला ग्राइंडर चालू केला आणि हात हलला. जिथे एक सपाट उतार यायला हवा तिथे तीन पायऱ्या पडल्या. पुन्हा लावली. आणखी पायऱ्या. तिसऱ्यांदा जोर लावला तर पातं तापून टोकाला निळं पडलं. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, मग ती धार टिकत नाही. मी पटाशी आपटली आणि दगडाला शिव्या दिल्या. दगडाची काय चूक?

तरी तशाच पटाशीने मी एका खांबाला एक भोक पाडलं. भोक चौकोनी पडलं, पण त्याचं तोंड फाटलं. लाकडाच्या रेषा उसवल्या. बायको बाहेर वाल सोलत बसली होती. ती उठून आली, बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "बरं हाय की."

"बरं काय? तोंड बघ जरा."

"पट्टी बसल्यावर कोन बघतंय तोंड? धार-बीर ऱ्हाव द्या. हाय त्या पटाशीनं करून टाका, हात हाय तवर."

हात हाय तवर. हे शब्द तिने इतक्या सहज उच्चारले की मला राग आला. मी म्हणालो, "बोथट हत्यार सागवानाला लावायचं नाही. माझ्या बापाने मला शिकवलंय." बापाने ते खरंच शिकवलं होतं. चांगल्या लाकडाला वाईट धार लावणं हा आमच्या घरात अपमान समजला जायचा, लाकडाचाही आणि हाताचाही. अंगणात शिकायला उभा होतो तेव्हा ते बरोबर होतं. शिकणाऱ्याकडे वेळ असतो. आता माझ्याकडे वेळ नव्हता, पण शिकवण मात्र जशीच्या तशी होती. ती मी सोडली नाही. आज वाटतं, तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी सोडायला हवी होती.

मी ठरवलं की आधी टेका बसवायचा, मग धार, मग पाळणा. मनाला किती बरं वाटलं! दोष हाताचा नव्हता, टेक्याचा होता. टेका बाजारात मिळतो.

निजामपुऱ्यातल्या ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. बायको बरोबर आली, कारण रिक्षातून उतरताना मला धरायला कुणीतरी लागायचं. दुकानदाराने माझं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"चाचा, ये तो मशीन के साथ आता है. आपका किधर गया?"

"फेक दिया," मी म्हणालो.

"तीस साल पैले," बायकोने भर घातली आणि दोघंही हसले. मीही हसलो. मला हसूही आलं आणि कान गरम झाल्याचंही कळलं.

त्याने आतून एक पट्टी शोधून दिली. बोटभर रुंदीची, कोनात वाकवलेली. घरी येऊन बसवली. अरुंद पटाशी तिच्यावर बरी टेकायची, पण रुंद पटाशी आणि रंध्याचं पातं डगमगायचं. हात थरथरला की पातं पट्टीच्या कडेवरून घसरायचं आणि पट्टी आणि दगडाच्या मधल्या फटीत जाऊ बघायचं. एकदा तर अडकलंच. मोटरने असा हिसका दिला की पातं हातातून निसटून भिंतीवर आदळलं. बायको धावत आली. मी दोन्ही हात वर करून दाखवले, बोटं शाबूत आहेत म्हणून. ती प्लगपाशी गेली, ग्राइंडरची वायरच काढली आणि पदरात गुंडाळून घेऊन गेली. मला संध्याकाळपर्यंत वायर परत मागत राहावं लागलं.

उन्हाळा तिथेच गेला. लेकीला तिच्या आईने सगळं सांगितलं असणार, कारण तिने मोबाइलवरून दुसरा टेका मागवला. कशेळीच्या गोदामातून आलेला खोका पावसात भिजून पोचला. ही वस्तू फार हुशारीची होती. दगडापुढे एक गुळगुळीत दांडी, तिच्यावर सरकणारा चिमटा. पटाशी चिमट्यात आवळायची आणि दांडीवरून डावीकडे उजवीकडे सरकवायची. हाताला काही कामच नाही. थरथरला तरी थरथरू दे. मी ती अर्धा दिवस नुसती न्याहाळत बसलो होतो.

पण माझ्या पटाश्या तिच्यात बसेनात. नव्या पटाशीचं पातं लांब असतं, माझ्या पटाश्या आयुष्यभर घासून घासून निम्म्याच्याही खाली आलेल्या. चिमट्यात आवळल्या तर टोक दगडापर्यंत पोचत नव्हतं. मुठीशी आवळाव्यात तर मूठ आडवी यायची.

"मग नव्या पटाश्या घ्या ना, बाबा," लेक फोनवर म्हणाली. "त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं ते मी तिला सांगू शकलो नाही. या पटाश्यांच्या मुठी माझ्या तळव्याच्या मापाने झिजलेल्या होत्या. अंधारातही मी हात घातला तर कुठली ती ओळखलं असतं. पाळणा करायचा तर यांनीच, असा हट्ट होता. हट्टाला मी तेव्हा प्रेम म्हणत होतो. खोका परत पाठवला.

बायको या सगळ्यात माझ्याबरोबर हिंडली. कधी माझी चेष्टा करायची: "लोकांचं म्हातारं देव बघाया फिरतंय, आमचं टेकं बघाया फिरतंय." पण पुन्हा ते वाक्य बोलली नाही, हात हाय तवर. मला वाटलं तिला माझं पटलं. आता कळतं की तिला पटलं नव्हतं, तिला माझं तोंड बघवत नव्हतं. टेका शोधतोय तोवर हा माणूस उठतोय, जेवतोय, बाजारात जातोय, एवढंच ती बघत होती. आणि मी शोधत राहिलो. गणपती आले, गेले. कप आता बशीशिवायही सांडायला लागला.

शेवटी टेका बनवून घ्यायचं ठरवलं. लूमचं सामान दुरुस्त करणारा एक वेल्डिंगवाला माझ्या ओळखीचा होता. त्याला कागदावर काढून दाखवलं: वीतभर रुंद जाड प्लेट, मधे आडवी खाच, त्या खाचेत सरकणारा तुकडा, पटाशी टेकवायला. खाली दोन बोल्ट, म्हणजे प्लेट हवी तितकी तिरकी करून आवळता येईल. तो म्हणाला, "बन जाएगा चाचा, टाइम दो." टाइम द्यावाच लागला. त्याच्याकडे कारखान्यांची कामं होती, ती सोडून तो म्हाताऱ्याचा टेका कशाला करेल? मी अधूनमधून जाऊन त्याच्या दारात स्टुलावर बसायचो. त्याच्या नजरेला पडावं म्हणून.

झाला तेव्हा मात्र पोराने काम अस्सल केलं होतं. मी प्लेट दगडाच्या इतकी जवळ घेतली की मधून पोस्टकार्ड जेमतेम जाईल. पुन्हा काही अडकायला नको. मग तिरकेपणा जुळवायला बसलो. पटाशीच्या उतारावर काळ्या मार्करने रंग फासायचा, मोटर बंद ठेवून दगड हाताने फिरवायचा आणि पटाशी हलकेच लावून बघायची. वरचा रंग गेला तर प्लेट एका बाजूला कलती करायची, खालचा गेला तर दुसऱ्या. सगळा रंग एकसारखा जाईपर्यंत बोल्ट सैल कर, आवळ, सैल कर, आवळ. बोल्ट आवळायला बायकोला बोलवावं लागलं. तिला पाना धरता येत नव्हता, मला फिरवता येत नव्हता. मी धरला, तिने फिरवला.

आणि मग मोटर चालू केली. हात प्लेटवर ठेवला. हात थरथरत होता, पण पटाशी थरथरत नव्हती. ती सरळ गेली आणि सरळ आली. ठिणग्यांचा एकसारखा झोत पडत होता. बाजूला पाण्याचं भांडं, तापायच्या आत बुडवायची, पुन्हा लावायची. पात्याच्या मागे बोटाला बारीक खरखर लागली की समजायचं, धार टोकापर्यंत पोचली. मग तेलाच्या दगडावर घासून ती खरखर काढायची. मी एकेक करत सगळ्या पटाश्या केल्या, रंध्याची पाती केली. एवढी सपाट, एवढी चकचकीत धार मी उभ्या आयुष्यात लावली नव्हती. भर जवानीतही नाही. मनगटावर नुसती टेकवली तरी केस उडत होते. मी वेड्यासारखा हसत होतो आणि बायकोला सारखं म्हणत होतो, बघ, बघ.

तिने बघितलं. "झाली ना धार? आता करा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी तोच पहिला, फाटक्या भोकाचा खांब लाकूड आवळायच्या घोडीवर घेतला, आवळला, रेघा मारल्या. रेघा वाकड्या आल्या. पट्टी धरून पुन्हा मारल्या. पटाशी रेघेवर उभी धरली आणि तिच्यावर मारायचा लाकडी ठोकळा उचलला. पटाशीचं टोक रेघेवर ठरेना. या बाजूला जाई, त्या बाजूला जाई. मी दोन्ही हातांनी धरली, तर ठोकळा कशाने मारणार? एका हाताने धरली आणि मारला. टोक निसटलं. इतकी तेज धार की लाकडाने विरोधच केला नाही, खांबाचा कोपरा अलगद निघून खाली पडला. बोथट पटाशी असती तर तिथेच अडली असती.

मी दुसरा खांब घेतला. तोही गेला.

बायको दारात केव्हा येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिने खाली पडलेले तुकडे बघितले, खांब बघितले. मग ती माझ्याकडे न बघता, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "न्हाय आली ना धार नीट? त्या वेल्डिंगवाल्याला सांगा, दुसरा करून दे म्हनावं."

इतके महिने मी जे खोटं स्वतःला सांगत होतो ते तिने मला पुन्हा देऊ केलं होतं. घेतलं असतं तर आणखी एक टेका, आणखी एक फेरी, दिवाळीपर्यंत सहज गेलो असतो. पण पटाशी माझ्या हातात होती आणि तिच्याबद्दल खोटं बोलवलं नाही.

"धार आलीय गं," मी म्हणालो. "हात नाही."

ती माझ्याजवळ आली, पटाशी माझ्या बोटांतून सोडवून घेतली आणि घोडीवर ठेवली. आम्ही दोघं तिथेच भुशात बसलो. मी रडलो. तिने रडू दिलं. दगडापाशी हाताला टेका देता येतो. लाकडापाशी कुठला टेका देणार? हे मला कळत नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं सुतारकी केलेल्या माणसाला हे कळणार नाही? पण कळून घ्यायचं नव्हतं.

पाळणा माझ्या पुतण्याने केला. त्याचं फर्निचरचं काम चालतं, सगळं मशीनवर, पण मी हट्ट धरला की भोकं पटाशीनेच पाडायची आणि माझ्याच पटाश्यांनी. तो तयार झाला. दोन खांब वाया गेले होते, तेवढे त्याने उरलेल्या वाशातून काढले. मी खुर्ची टाकून बाजूला बसलो. पहिलं भोक पाडून झालं तसा तो थांबला, पटाशी उजेडात धरली आणि म्हणाला, "काका, काय धार लावलीय वो! अशी धार मी कुठं बगितली न्हाय." मनापासून म्हणाला पोरगा. त्या दिवशी मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

दिवाळीच्या तोंडावर नात झाली. बारशाला घर भरलं. आढ्याच्या कडीला पाळणा टांगला, झेंडूच्या माळा लावल्या. ठाण्याहून आलेल्या बायका जोडांवरून हात फिरवून म्हणत होत्या, किती साफ काम, कुठे फट नाही. खरोखरच नव्हती. सुतार म्हणून मी त्या कामाला नाव ठेवूच शकलो नसतो. पण मला हा पाळणा नको होता. मला तो पाळणा हवा होता, ज्याच्या भोकांची तोंडं फाटलेली असती, रेषा उसवलेल्या असत्या, जो शिमग्यानंतरच्या त्या दिवसांत माझ्या हातून होऊ शकला असता. बाळाला काय कळतं भोकाच्या तोंडातलं? ती त्याच्यातही अशीच झोपली असती. ते दिवस होते, त्या दिवसांत हात होता आणि मी तो टेका शोधायला वापरला. याचं मला वाईट वाटतं. अजूनही वाटतं, रोज वाटतं.

बायका पाळणा म्हणायला उभ्या राहिल्या. पुरुषाचं तिथे काम नसतं, म्हणून मी बाहेर ओट्यावर निघालो होतो. लेकीने हाक मारली.

"बाबा, पहिला झोका तुम्ही द्यायचा."

मी नको नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. दोरी उचलून तिने स्वतः माझ्या उजव्या हातात दिली आणि बोटं मिटवली. मी उभा राहिलो. बायका गाणं सुरू करायच्या बेतात होत्या, अजून कुणी सूर लावला नव्हता, मी दोरी ओढलीही नव्हती, आणि पाळणा हलायला लागला. बारीक बारीक, थांबेचना. बायका हसल्या. त्यांना वाटलं, आजोबांना घाई झालीय.